विश्लेषण : ‘पंपिंग ६० टक्के’ असूनही हृदय आजारी असू शकते? इको रिपोर्टमधून काय निसटते?

टू-डी इकोचा रिपोर्ट हातात पडला की नातेवाईक एकच आकडा शोधतात. ‘पंपिंग किती?’ साठ टक्के म्हटले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघाले नाही, तर उरलीसुरली काळजीही मिटते. रुग्णाला मात्र जिना चढताना धाप लागतच राहते, संध्याकाळी घोट्यांशी सूज येतच राहते. मग ‘वय झाले’, ‘वजन कमी करा’, ‘टेन्शन घेऊ नका’ अशी उत्तरे सुरू होतात. प्रत्यक्षात हार्ट फेल्युअरच्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये हा पंपिंगचा आकडा सामान्य असतो. त्यांतील बहुतेकांच्या आजारामागे उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलपणा अशी ओळखीची कारणे असतात. काहींच्या बाबतीत मात्र भलतेच कारण असते आणि ते शोधले नाही, तर दिलेली औषधेही लागू पडत नाहीत.

पंपिंगचा आकडा नेमके काय मोजतो?

डॉक्टर ज्याला ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ किंवा ‘ईएफ’ म्हणतात, ते म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण. साधारण ५५ ते ७० टक्के हे सामान्य मानले जाते. शंभर टक्के रक्त कोणाचेच हृदय बाहेर फेकत नाही. त्यामुळे ‘साठ म्हणजे चाळीस टक्के हृदय बंद’ ही अनेकांची समजूत चुकीची आहे.

पण हे प्रमाण आहे, मोजमाप नव्हे, हे लक्षात घ्यायला हवे. कळशीतले साठ टक्के पाणी आणि तांब्यातले साठ टक्के पाणी यांत जेवढा फरक, तेवढाच इथे. समजा कप्प्यात १२० मिलिलिटर रक्त मावते. त्याचे साठ टक्के म्हणजे ७२ मिलिलिटर. मिनिटाला ७० ठोके धरले, तर शरीराला पाच लिटर रक्त मिळाले. आता कप्प्याच्या भिंती जाड आणि ताठर झाल्या, आतली जागा आकसून ७० मिलिलिटरवर आली. ईएफ तेच, साठ टक्के. पण ठोक्याला ४२ मिलिलिटर आणि मिनिटाला तीन लिटरही नाही. रिपोर्टवरचा आकडा जागचा हलला नाही, माणूस मात्र दोन जिने चढून खाली बसला.

दुसरी अडचण मोजणीची. दोन वेगवेगळ्या तंत्रज्ञांनी, दोन वेगवेगळ्या यंत्रांवर त्याच रुग्णाचा ईएफ काढला, तर पाच ते दहा अंकांचा फरक सहज पडतो. त्यामुळे गेल्या वर्षीचा ६२ यंदा ५६ झाला, याचा अर्थ काहीही नसू शकतो किंवा बरेच काही असू शकतो. हृदयाचा स्नायू बऱ्यापैकी थकेपर्यंत हा आकडा उभा राहतो. म्हणूनच लवकर निदानासाठी तो फारसा उपयोगाचा नाही.

मग बिघाड आधी कुठे दिसतो?

हृदयाच्या स्नायूंचे तंतू सगळे एका दिशेने जात नाहीत. आतल्या थरातील तंतू लांबीच्या दिशेने, मधल्या थरातील गोलाकार असतात. बहुतेक आजारांत आधी मार बसतो तो आतल्या, लांबीच्या तंतूंना. गोलाकार तंतू त्यांची उणीव भरून काढत राहतात आणि ईएफ टिकून राहतो. ‘स्ट्रेन’ नावाची मोजणी नेमके हे लांबीतले आकुंचन पकडते. इकोच्या चित्रातील स्नायूचे बारीक ठिपके ठोक्यागणिक कसे सरकतात, याचा माग संगणक ठेवतो आणि स्नायू किती टक्के आखडला ते सांगतो. निरोगी हृदयात हे साधारण वीस टक्के असते. रिपोर्टमध्ये ते उणे चिन्हासह छापतात, कारण लांबी कमी होते. ‘उणे २०’ वाचून घाबरलेले नातेवाईक इको केंद्रांना नवे नाहीत.

यासाठी वेगळी सुई टोचावी लागत नाही की वेगळ्या खोलीत जावे लागत नाही. त्याच इको यंत्रात त्याचे सॉफ्टवेअर असते. पण चित्र स्वच्छ हवे आणि पाच-दहा मिनिटे जास्त द्यायला हवीत. गर्दीच्या केंद्रात अडते ते इथेच.

दुसरी खूण रक्तातली. हृदयाच्या भिंतींवर ताण आला की स्नायूपेशी ‘बीएनपी’ गटातील संप्रेरक सोडतात. ‘एनटी-प्रोबीएनपी’ ही चाचणी तेच मोजते. तातडीची स्थिती नसताना हा आकडा १२५ च्या खाली असेल, तर धाप लागण्यामागे हार्ट फेल्युअर असण्याची शक्यता कमी होते. मात्र स्थूल व्यक्तींत तो मुळातच कमी येतो. वय, मूत्रपिंडाचा आजार, हृदयाची अनियमित लय यांनी तो वाढतो. त्यामुळे हा आकडा एकटा वाचून निष्कर्ष काढता येत नाही. आयर्लंडमध्ये रक्तदाब, मधुमेह अशी जोखीम असलेल्या १,३७४ जणांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांचा बीएनपी वाढलेला होता त्यांना लवकर इको व हृदयतज्ज्ञाचे उपचार देण्यात आले. त्या गटात हृदयाचा बिघाड ५.३ टक्के, तर नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात ८.७ टक्के लोकांत आढळला. लवकर शोधण्याने फरक पडतो, याचा हा चांगला पुरावा.

कर्करोगाच्या उपचारांत हृदय का तपासतात?

इथे बिघाड कधी सुरू होणार, याची तारीख आधीच माहीत असते. स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा, लहान मुलांचे अनेक कर्करोग यांत ‘डॉक्सोरुबिसिन’ हे लाल रंगाचे औषध सलाइनमधून देतात. औषध गुणकारी आहे, पण आयुष्यभरात ते एकूण किती दिले, यावर हृदयाचा धोका अवलंबून असतो. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे एकूण ४०० मिलिग्रॅमपर्यंत हार्ट फेल्युअरचे प्रमाण सुमारे ५ टक्के, ५५० वर २६ टक्के आणि ७०० वर ४८ टक्के, असे २००३ मधील एका विश्लेषणात दिसले. म्हणून आता मात्रेला मर्यादा असते. दहा वर्षांपूर्वी उपचार घेतलेल्या रुग्णाने ती जुनी फाइल जपून ठेवायला सांगतात, तेही याचसाठी.

मिलानच्या युरोपियन इन्स्टिट्यूट ऑफ ऑन्कॉलॉजीमधील डॉ. डॅनिएला कार्डिनाले यांच्या गटाने या औषधाने हृदय दुबळे झालेल्या २०१ रुग्णांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध केली. केमोथेरपी संपल्यावर दोन महिन्यांच्या आत हृदयाची औषधे सुरू झालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे पंपिंग पूर्वपदावर आले. सहा महिन्यांनंतर औषधे सुरू झालेल्यांत एकाचेही पूर्णपणे सुधारले नाही. औषधे तीच आणि स्वस्तातली, एनालाप्रिल आणि कार्व्हेडिलॉल. फरक फक्त वेळेचा. याच गटाने नंतर २,६२५ रुग्णांचा पाठपुरावा केला. त्यांतील ९ टक्क्यांना हृदयाचा त्रास झाला आणि त्यातला ९८ टक्के पहिल्या वर्षातच उघड झाला, कारण त्या वर्षी दर तीन महिन्यांनी इको होत होता.

युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, उपचाराआधीच्या स्ट्रेनमध्ये १५ टक्क्यांहून अधिक घट झाली, म्हणजे समजा वीसचा आकडा साडेसोळावर आला, तर ईएफ सामान्य असूनही तो सौम्य बिघाड समजावा. यासाठी केमोथेरपीच्या आधीचा इको हवा, त्यात स्ट्रेन मोजलेला हवा. घाईत नेमका हाच इको राहून जातो किंवा त्यात फक्त ‘ईएफ ६०’ एवढेच असते. तुलना कशाशी करणार? अर्थात स्ट्रेनवर विसंबून लवकर औषधे दिल्याने दूरगामी फायदा होतोच, हे अजून सिद्ध झालेले नाही. त्यासाठी मुद्दाम केलेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत तीन वर्षांनंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. स्ट्रेन घसरला म्हणून घाबरून कर्करोगाचा उपचारच थांबवणे तर साफ चूक. तो निर्णय दोन्ही तज्ज्ञांनी मिळून घ्यायचा असतो.

‘ट्रास्टुझुमॅब’ या दुसऱ्या औषधाने होणारा बिघाड बहुधा औषध थांबवल्यावर भरून येतो. हल्लीच्या इम्युनोथेरपीत हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा प्रकार क्वचित होतो, पण झाला तर जीवघेणा असतो. पापणी झुकणे, एकाचे दोन दिसणे, अंग ठणकणे या तक्रारी त्याआधी किंवा सोबत येऊ शकतात.

मनगटाच्या दुखण्याचा हृदयाशी काय संबंध?

एक चित्र डोळ्यांसमोर आणा. सत्तरीच्या पुढचा पुरुष. सात-आठ वर्षांपूर्वी दोन्ही हातांची बोटे बधिर व्हायची म्हणून ‘कार्पल टनेल’ची शस्त्रक्रिया झालेली. पुढे कमरेच्या मणक्यात नस दबल्याचे निदान. वीस वर्षे रक्तदाबाची गोळी चालू होती, पण अलीकडे दाब खाली जातो म्हणून ती बंद केली. घरचे खूश, ‘बीपी गेले’. आता दम लागतो, पाय सुजतात. इकोमध्ये भिंती जाड, ईएफ ५८. रिपोर्टवर शेरा : ‘उच्च रक्तदाबामुळे जाडी.’

या चार गोष्टी वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या वेगवेगळ्या फायलींत पडून असतात आणि त्या एकत्र वाचल्या जात नाहीत. वाचल्या तर ‘ट्रान्सथायरेटिन अमायलॉइड’ हा संशय यायलाच हवा. ट्रान्सथायरेटिन हे यकृतात तयार होणारे, थायरॉइडचे संप्रेरक आणि अ जीवनसत्त्व वाहून नेणारे प्रथिन. त्याचे चार भाग एकमेकांना धरून असतात. काही कुटुंबांत जनुकीय दोषामुळे, पण बहुतेकांत निव्वळ वयोमानाने ते सुटे होतात, त्यांच्या घड्या चुकतात आणि तंतू बनून ते ऊतींमध्ये साचत जातात. मनगटाच्या अरुंद बोगद्यात साचले की नस दबते, मणक्याशी साचले की कंबर. हृदयात साचायला वर्षे लागतात. म्हणून हाताची तक्रार हृदयाच्या पाच-दहा वर्षे आधी येते. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये कार्पल टनेलची शस्त्रक्रिया झालेल्या ९८ जणांच्या मनगटातील ऊती तपासल्या, तेव्हा दहा जणांत अमायलॉइड निघाले. त्यांपैकी दोघांच्या हृदयापर्यंत ते आधीच पोहोचले होते. हा अभ्यास २०१८ मधला.

रक्तदाब ‘जातो’ तोही याचमुळे. ताठर हृदय पुरेसे रक्त फेकू शकत नाही, नसांवरही परिणाम होतो आणि पूर्वी सोसणारी औषधे सोसेनाशी होतात. सर्वांत स्वस्त खूण मात्र ईसीजीत असते. भिंत स्नायूने जाड झाली, तर ईसीजीचे तरंग उंच व्हायला हवेत. अमायलॉइडमध्ये जाडी प्रथिनाची असते आणि प्रथिन वीज निर्माण करत नाही. त्यामुळे इकोत भिंत जाड पण ईसीजीत तरंग अपेक्षेपेक्षा बुटके, असा विसंवाद दिसतो. प्रत्येक रुग्णात तो असतोच असे नाही. पण असला, तर दोन्ही कागद शेजारी ठेवणाऱ्याला तो दिसतो. स्ट्रेनचा रंगीत नकाशा काढला, तर हृदयाचे टोक तेवढे गडद लाल आणि बाकीचा भाग फिकट, असे चित्र येते. अमायलॉइड टोकाला त्या मानाने कमी साचते.

हे तितके दुर्मीळ नसावे. हार्ट फेल्युअरने दाखल झालेल्या, ईएफ सामान्य असलेल्या, साठी ओलांडलेल्या आणि भिंती जाड असलेल्या रुग्णांची स्पेनमध्ये २०१५ साली तपासणी झाली. त्यांतील १३ टक्क्यांत हाच आजार निघाला.

निदानासाठी हृदयाचा तुकडा काढावा लागतो?

पूर्वी बहुधा लागायचा. आता अनेकदा नाही. हाडांच्या स्कॅनसाठी वापरायचे ‘पायरोफॉस्फेट’ हे किरणोत्सारी द्रव्य या प्रथिनालाही चिकटते आणि स्कॅनमध्ये हृदय उजळते. १,२१७ रुग्णांवरील २०१६ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवले की, हृदय ठळक उजळले आणि रक्त-लघवीत विशिष्ट असामान्य प्रथिन नसेल, तर बायॉप्सीशिवाय निदान पक्के धरता येते.

यातली दुसरी अट टाळता येत नाही. कारण अमायलॉइडचा आणखी एक प्रकार अस्थिमज्जेतील पेशींच्या बिघाडातून येतो. त्यातही स्कॅन उजळू शकतो. तो मुळात रक्ताचा आजार, त्याला केमोथेरपी लागते आणि हृदय कमकुवत झाल्यावरही उपचार मिळाले नाहीत, तर रुग्णाच्या हाती काही महिनेच असतात. जीभ जाड होणे, डोळ्यांभोवती निळे-जांभळे डाग, लघवीतून प्रथिन जाणे या त्याच्या खुणा. म्हणून ‘फ्री लाइट चेन’ आणि ‘इम्युनोफिक्सेशन’ या रक्त-लघवीच्या चाचण्या स्कॅनच्या सोबतच व्हायला हव्यात. स्कॅन पाहून वयोमानाचा प्रकार समजून रुग्णाला घरी पाठवणे, ही या आजारातील सर्वांत महागात पडणारी चूक.

वयोमानाच्या प्रकारावर ‘टॅफामिडिस’ हे औषध प्रथिनाचे चार भाग सुटू देत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४४१ रुग्णांच्या चाचणीत तीस महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकी २९.५ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ४२.९ टक्के रुग्ण दगावले. साचलेले प्रथिन ते काढत नाही, पुढचे थोपवते. त्यामुळे ज्यांचा आजार बराच पुढे गेला होता, त्यांना लाभ कमी झाला. अमेरिकेत ते २०१९ मध्ये बाजारात आले तेव्हा वर्षाची किंमत सव्वादोन लाख डॉलर होती.

घरात कुणी तरुणपणी अचानक गेले असेल तर?

आपल्याकडे अशा प्रत्येक मृत्यूला ‘अटॅक आला’ म्हणतात. धावताना कोसळलेला पंचविशीचा काका, झोपेत गेलेली मावशी, यांना अटॅकच आला होता का, हे कुणी विचारत नाही. स्नायू जन्मजात दोषाने जाड होण्याचा ‘हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी’ हा आजार साधारण पाचशेत एकाला असतो. तो पिढ्यानपिढ्या चालतो. एकात निदान झाले, तर आईवडील, भावंडे आणि मुले यांचा ईसीजी आणि इको करायचा असतो. मुलांचा एकदाच नव्हे, ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा, कारण जाडी पौगंडावस्थेत किंवा नंतरही येते.

भारतीयांच्या बाबतीत एक जनुकीय बदल गाजला. ‘एमवायबीपीसी-३’ या जनुकातील २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असण्याचे प्रमाण भारतीय उपखंडात सुमारे चार टक्के असल्याचे आणि त्याचा हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी संबंध असल्याचे २००९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध झाले. हैदराबादच्या सीसीएमबीचे डॉ. के. थंगराज त्या संशोधनात होते. चार टक्के म्हणजे कोट्यवधी माणसे, त्यामुळे मथळेही तसेच झाले. नंतरच्या संशोधनाने चित्र सौम्य केले. या वाहकांपैकी एका लहान गटात त्याच जनुकात आणखी एक बदल असतो आणि धोक्याचा बराचसा भार त्याच्यावर असावा. केवळ हा तुकडा गळालेला आहे का, हे पाहायला निरोगी माणसाने चाचणी करण्याचे कारण नाही.

‘फॅब्री’ हा आणखी एक आनुवंशिक आजार, एका विकराच्या अभावाने होणारा. भिंती जाड, सोबत लघवीतून प्रथिन आणि लहानपणापासून हातापायांची आग व घाम न येणे. यावर विकराचे सलाइन आहे. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात त्याचा समावेश असून, मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.

पाश्चात्त्य पुस्तकांत कमी, भारतात जास्त असे काय?

क्षयरोग. तरुण व्यक्तीला अचानक हृदयाची घातक वेगवान लय सुरू होते. अँजिओग्राफी स्वच्छ, इको सामान्य. पेट स्कॅनमध्ये मात्र हृदयात आणि छातीतील गाठींत दाह दिसतो. तो ‘सार्कॉइडोसिस’ असू शकतो किंवा क्षय. हैदराबादच्या तज्ज्ञांनी अशा रुग्णांचा अभ्यास केला आहे. दोन्ही चित्रे सारखी, पण क्षय असताना नुसते स्टेरॉइड दिले तर आजार भडकतो. म्हणून गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय पुढे जात नाहीत.

दुसरे, बाळंतपण. शेवटच्या महिन्यापासून प्रसूतीनंतर पाच महिन्यांपर्यंत हृदय एकाएकी दुबळे होण्याचा आजार असतो. आडवे पडल्यावर दम लागणे, उशी वाढवावी लागणे, रात्री उठून बसावे लागणे याला ‘जागरणाचा थकवा’ म्हटले जाते. वेळेत उपचार मिळाले, तर अनेकींचे हृदय पूर्ववत होते.

आणि एक कारण थेट स्वयंपाकघरातले. केवळ अंगावर पिणाऱ्या, दोन-चार महिन्यांच्या बाळांना धाप लागते, रडण्याचा आवाज घोगरा होतो, हृदयाची उजवी बाजू फुगते. बंगळूरुच्या डॉक्टरांनी अशा बाळांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. कारण होते ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिनची कमतरता. बाळंतिणीला पथ्य म्हणून पॉलिशचा पांढरा भातच, तोही पुन्हा पुन्हा धुवून, वरचे पाणी ओतून. थायमिनचे इंजेक्शन दिल्यावर बहुतेक बाळे एक-दोन दिवसांत सुधारली. मोठ्यांमध्ये, विशेषतः दारूचे व्यसन असलेल्यांतही, हीच कमतरता हृदय निकामी करते.

सगळ्यांनीच या तपासण्या कराव्यात का?

नाही. लक्षण नसलेल्या, जोखीम नसलेल्या व्यक्तीचा स्ट्रेन, एमआरआय, जनुकीय चाचणी यांतून बहुधा संशयास्पद आकडे हाती येतात आणि पुढच्या तपासण्यांची माळ सुरू होते. ‘फुल बॉडी’ पॅकेजांत हृदयाची एखादी चाचणी घुसवली जाते, तिचा या आजारांसाठी फारसा उपयोग नाही. उपयोग आहे तो कारण न सापडलेल्या धापेत, भिंती जाड असण्यात, केमोथेरपीच्या आधी व नंतर आणि घरात अकाली मृत्यू झालेला असताना.

इको सांगणारी चिठ्ठी बहुधा दोन शब्दांची असते, ‘हृदयाचे कार्य’. इको करणाऱ्याला रुग्ण पहिल्यांदाच भेटत असतो आणि बाहेर वीस जण बसलेले असतात. त्या चिठ्ठीवर ‘दोन्ही मनगटांची शस्त्रक्रिया’, ‘बीपीची गोळी आपोआप बंद’, ‘२०१४ मध्ये केमोथेरपी’ किंवा ‘भाऊ तिशीत गेला’ एवढी एक ओळ असेल, तर तो स्ट्रेन मोजतो आणि ईसीजी मागून घेतो. ती ओळ चिठ्ठीवर नसेल, तर रुग्णाने टेबलावर झोपताना ती तोंडी सांगितली तरी चालते. सोबत जुने ईसीजी आणि इकोचे कागद असलेली पिशवीही न्यावी.